थोरलीची जवारी

चैत्र सरत आला होता. कृष्णेचं क्षीण पात्र वाळूच्या कुशीत शिरून पडलं होतं आणि तंतुवाद्यांची ती अरुंद गल्ली ताम्रवर्ण उन्हात न्हात होती. वळचणीला टांगलेले भोपळे, सुवर्णपीत, कृशकंठ, विशालोदर, उष्ण वाऱ्यात मंद मंद हलत होते. कुठल्याशा दुकानात कोणी एक तार छेडली. त्या एकाच तारेतून स्वरांमागून स्वर उमलत गेले, षड्जाच्या उदरातून गंधार डोकावला, आणि सारं हळूहळू उन्हात विरून गेलं.

त्या उमलण्याला, त्या विरण्याला, या गल्लीत जवारी म्हणतात. तंबोऱ्याच्या घोडीवर, तार जिथे टेकते तिथे, कानशीनं केसाएवढा उतार काढायचा. तार त्या उताराला घासत घासत सुटते, आणि एका स्वराला सहस्र किरण फुटतात. मग तारेखाली सुताचा बारीकसा दोरा सरकवायचा, थोडा पुढे, थोडा मागे, आणि आवाज जिथे उघडेल तिथे हात थांबवायचा. त्या दोऱ्याला गल्लीत जीव म्हणतात. जीव घातला की तंबोरा बोलतो, आणि काढला की उरतं नुसतं लाकूड.

गल्लीच्या तोंडाशी एक दुकान असं होतं, की त्यात जीवच नव्हता. असं गल्ली म्हणायची. गल्लीला काय, तोंड होतं म्हणून म्हणायची. त्या दुकानाच्या पाटीवर लिहिलं होतं : दस्तगीर गिटार रिपेअर. आज ते दुकान बंद व्हायचं होतं.

दस्तगीर हा उस्मान सतारमेकरांचा धाकटा मुलगा. उस्मानसाहेबांचा हात म्हणजे गल्लीचं भूषण, आणि त्या हातातलं जवारीचं इल्म थोरल्या इलियासकडे न जाता उतरलं ते या धाकट्याकडे. मिसरूड फुटायच्या आधी हा पोरगा डोळे मिटून कानस चालवायचा. म्हातारे कारागीर मान डोलवायचे. उस्मानसाहेब मात्र तोंडावर कधी कौतुक करायचे नाहीत. करायचे ते पाठीमागे, आणि ते मुलापर्यंत पोचेल इतक्या मोठ्यानं.

मग एका हिवाळ्यात, धुक्याची धूसर दुलई नदीवर पसरलेली असताना, मिशन कंपाउंडमधले शांतवन मास्तर चर्चची गिटार घेऊन आले. गिटारीची मान हलत होती. ती बसवून द्या, इतकंच त्यांचं म्हणणं होतं. दस्तगीरनं मान बसवली. तारा चढवल्या. छेडून पाहिलं, आणि त्याचा जीव कळवळला. आवाज कोरडा होता, सरळ होता, निघाला आणि संपला. बिचारीचा गळाच बंद आहे, असं त्याला वाटलं. मग त्या मनस्वी पोरानं, कोणी सांगितलं नसताना, गिटारीच्या घोडीवरचं हाड घासलं, उतार काढला, सहाही तारांखाली सहा जीव घातले, आणि गिटारीला जवारी लावून दिली.

नाताळच्या उपासनेत, मेणबत्त्यांच्या पीतकोमल प्रकाशात, शांतवन मास्तरांनी पहिला हात मारला आणि अख्खं चर्च भणभणलं. लहान मुलं खिदळली. बायकांनी पदर तोंडाला लावले. पाळकसाहेबांनी छताकडे पाहिलं, मधमाश्यांचं पोळं आहे की काय म्हणून.

दुसऱ्या दिवशी मास्तर दुकानात आले. माणूस देवभोळा, रागावायचंही त्यांना धड जमेना.

"दस्तगीर, लेका, काय केलंस रे हे? गिटारीचा आवाज साफ पाहिजे, साफ! ही तर झणाणायला लागलीय."

गल्ली पोट धरून हसली. गिटारीला जवारी लावणारा, हे नाव पडलं ते पडलंच. इलियास हसला, शेजारी हसले, आणि सगळ्यांत मोठ्यानं हसले उस्मानसाहेब. ते हसणं दस्तगीरच्या काळजात कुसळासारखं शिरलं. दिसत नव्हतं, निघत नव्हतं, दुखायचं मात्र सारखं.

ईर्ष्येनं पेटला तो. शांतवन मास्तरांच्या पायरीवर बसून तो गिटार शिकला. तिचे पडदे, तिची मान, तिचं पोट, तिचा स्वभाव. साफ म्हणजे काय ते शिकला. आणि वर्ष फिरायच्या आत त्यानं गल्लीच्या तोंडाशी गाळा घेतला. उस्मानसाहेब तेव्हा हसले नाहीत. हातातली कानस बाजूला ठेवून म्हणाले,

"जा. न्हाई अडवत. पन तिथं बसलास की तुझा कान बाटनार, एवढं ध्यानात ठेव. आनि बाटलेला कान परत येत न्हाई."

उस्मानसाहेब त्याच्याशी मनातलं बोलले ते हे शेवटचं. पुढे बापलेक समोरासमोर भेटत, सलाम करत, ईदला गळाभेट होई. पण वाद्यांबद्दल बापानं मुलाशी चकार शब्द काढला नाही.

दुकान मात्र चाललं, आणि काय चाललं! कॉलेजची केसाळ पोरं यायची, लग्नाच्या ऑर्केस्ट्रातले जरीकोटवाले यायचे, दूरदूरच्या गावांहून गिटारी पोत्यात गुंडाळून यायच्या. काका, बझ मारतीय. भाई, चौथ्या पडद्यावर झणझणतंय. दस्तगीर गिटार मांडीवर घ्यायचा, कान लाकडाला लावायचा, आणि त्या झणझणीचा माग काढायचा. उठलेला पडदा, सैल खिळा, वाकलेली मान, कुठे दडून बसली आहे ती हे त्याला कळायचंच. सापडली की कानस, आणि कानशीनंतर शांतता. निर्मळ, निष्कलंक, स्फटिकस्वच्छ आवाज. "दस्तगीरभाईकडं द्या, आवाज साफ करून देतोय," असं पंचक्रोशीत झालं. उन्हाळे गेले, पावसाळे गेले. त्याच्या दाढीत चांदी उतरली, आणि त्या हातांनी असंख्य गिटारींचा झणकार काढून टाकला.

पण माणसाचं मन म्हणजे नसता उपद्व्याप. इतकं मिळूनही त्याला हवं होतं ते एकच. उस्मानसाहेबांच्या दुकानात, निळ्या भिंतीपाशी, एक तंबोरा उभा होता. त्यांनी तो कधी विकला नाही. अख्खी गल्ली त्याच्यावरून आपापले तंबोरे सुरात मिळवून घ्यायची. त्याला सगळे थोरली म्हणत. गजगामिनी, गंभीरनादिनी थोरली. उस्मानसाहेब अल्लाघरी गेले आणि हळूहळू थोरलीचा गळा बसत चालला; तारेनं घासून घासून उतार झिजत गेला, जवारी बंद झाली. इलियासला ती उघडता येत नव्हती. इलियासला काय, गल्लीत आता कोणालाच येत नव्हती. येत होती ती एकाला, आणि तो कोपऱ्यावर बसून वाट पाहत होता की भाईनं यावं आणि म्हणावं, दस्तगीर, थोरलीला हात लाव. एकदा, फक्त एकदा. मग गल्लीला ऐकू गेलं असतं की कान बाटलेला नाही. कबरीतही ऐकू गेलं असतं.

"मग उठा नि जावा की," हमिदा, त्याची बायको, चहाचा कप पुढ्यात आदळत म्हणायची. "सख्खा भाऊ हाय. तोंड शिवलंय काय तुमचं?"

"त्यानं बोलवाया पाहिजे."

"त्याला बी असंच वाटत असंल. बसा मग दोघं अंडी उबवत."

बसले दोघं. आणि दिवस फिरले. चर्चमध्ये कीबोर्ड आला. ऑर्केस्ट्रे गेले, त्यांच्या जागी डीजेच्या भिंती आल्या. गिटारी घरपोच यायला लागल्या, गुळगुळीत, चकचकीत, एकसारख्या. मोडली की टाकायची आणि दुसरी मागवायची. एका पोरानं तर तोंडावर सांगितलं, "काका, रिपेअर कोण करतंय आता?" दस्तगीरला वाईट वाटलं ते त्या पोराच्या आवाजात जराही वाईटपणा नव्हता, याचं.

तर त्या चैत्रातल्या दुपारी त्यानं आवरायला घेतलं. भिंतीवरचे खिळे उघडे पडले. सरसाचं भांडं उलटं झालं. रिकाम्या गाळ्यात तिरप्या उन्हाचा एक सुवर्णस्तंभ उभा राहिला आणि त्यात लाकडाची धूळ संथ संथ फिरू लागली. तेवढ्यात दारात सावली पडली. इलियास उभा होता. म्हातारा झालेला, धापा टाकत, आणि त्याच्या छातीशी लाल कापडात गुंडाळलेली थोरली.

"बंद करायलाइस म्हनं," इलियास म्हणाला.

"व्हय, भाई."

"मग ते कानशीचं सामान गुंडाळायच्या आधी..." त्यानं लाल कापडाची गाठ सोडली. "हिचा गळा उघडून दे. माझ्यानं होत न्हाई. आधीच यायला पाहिजे हुतं मी."

दस्तगीरच्या डोळ्यांत पाणी तरारलं. लपवलं नाही त्यानं. दोन्ही हातांनी थोरली घेतली, चटईवर आडवी केली, आणि समोर बसला. घोडीवर, शिंगाच्या त्या पिवळट पट्टीवर, अब्बांच्या कानशीचा उतार अजून होता. झिजलेला, पुसट, पण होता. त्यानं तारा सैल केल्या. चारी जीव काढून गुडघ्यापाशी ठेवले. डोळे मिटले.

आणि हात चालू लागला. काय तो हात! ना घाई, ना कंप. कानस सरकत होती, थांबत होती, शिंगाची शुभ्र भुकटी चटईवर झरत होती. तो तार लावायचा, छेडायचा, कान घोडीशी नेऊन ऐकायचा. कुठेतरी काहीतरी खरखरत होतं, काहीतरी लोंबत होतं. तो त्याचा माग काढत गेला. आणखी थोडं, आणखी थोडं. ऊन भिंतीवर चढत गेलं, सुवर्णाचं केशर झालं, केशराचं कुंकू झालं. शेवटी तो थबकला. चेहऱ्यावर असं तेज, की इलियासला क्षणभर तो मिसरूड न फुटलेला धाकटा भाऊ दिसला.

"ऐक, भाई," दस्तगीर म्हणाला. "ऐक आता."

त्यानं थोरलीच्या चारही तारांवरून बोट फिरवलं.

स्वर निघाला. सरळ, निर्मळ, निष्कलंक, स्फटिकस्वच्छ. निघाला, आणि संपला.

दस्तगीर हसतच होता. त्यानं पुन्हा बोट फिरवलं. त्याच्या कानांना ते सुंदर वाटत होतं, हे त्याचं दुर्दैव. इलियासनं थोरलीकडे पाहिलं. मग त्यानं भावाच्या खांद्यावर हात ठेवला आणि, जन्मात कधी बोलला नव्हता इतक्या मायेनं, म्हणाला,

"साफ झालाय आवाज. लई साफ झालाय."

गल्लीत तंबोऱ्याला साफ म्हणत नाहीत. मेलेल्याला वाईट बोलू नये म्हणून लोक काहीतरी बरं बोलतात, तसं बोलला इलियास.

दस्तगीरनं घोडीकडे पाहिलं. मग बोटानं चाचपलं. उतार नव्हता. अब्बांच्या हातचा तो केसाएवढा उतार त्यानं स्वतःच्या हातानं, डोळे मिटून, प्रेमानं, एखादा बिघाड काढावा तसा काढून टाकला होता. तार आता काठावरून थेट सुटत होती. आणि घोडीचं शिंग काही पुन्हा वाढत नाही. चारी जीव गुडघ्यापाशी पडून होते. ते परत घालायचे असतात, हे त्याला आठवलंही नव्हतं.

"दुसरी घोडी बसवू की," इलियास पुटपुटला. कोण घडवणार होतं, ते दोघांनाही ठाऊक होतं.

लाल कापड पुन्हा गुंडाळलं गेलं. इलियास थोरलीला छातीशी धरून सावकाश गल्लीत गेला. भोपळ्यांच्या लांब सावल्या त्याच्या अंगावरून सरकत राहिल्या. त्यानं मागे वळून पाहिलं नाही. ते बरंच झालं.

दस्तगीर उठला. चटईवरचे चारी जीव त्यानं खिशात टाकले. बाहेर येऊन त्यानं शटरला हात घातला आणि ते एका दमात खाली ओढलं.

शटर जुनं होतं, सैल होतं. उंबऱ्यावर आपटलं आणि झणाणलं. पत्र्याच्या पट्टीपट्टीतून झणकार उठला, एका आवाजातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा, गल्लीभर उमलत, सांजेच्या आरक्त उजेडात विरत विरत चालला. आणि दस्तगीरचा हात, त्याला न विचारता, पुढे झाला. तळवा पत्र्यावर टेकला, आणि आवाज साफ बंद झाला.