घर मोजायला आलेला माणूस

बुधवारी चष्म्याच्या दुकानाला सुट्टी असायची, म्हणून सुनेने घरातली जाळीजळमटं काढायला घेतली होती. तोंडाला फडकं बांधून ती स्टुलावर उभी होती, तेवढ्यात बेल वाजली. दारात चाळिशीचा एक माणूस होता, खांद्याला बॅग, काखेत फाइल. बूट काढता काढताच म्हणाला, "बँकेकडून आलोय. घर मोजायला."

तिला हसूच आलं. "चुकून आलात तुम्ही. या घरावर काही कर्जबिर्ज नाही. सासूबाईंनी स्वतःच्या पगारातून फेडलंय, त्याला दहा वर्षं झाली."

माणसाने फाइल उघडली आणि तिच्यासमोर धरली. "हे त्यांचं नाव. आणि खाली सहकर्जदार म्हणून हे तुमचंच ना, मॅडम?"

नाव तिचंच होतं. सहीही तिचीच, शेवटच्या अक्षराला लांबलचक शेपूट असलेली. पायाखालची जमीन सरकणं हे तिला आजवर नुसतं बोलण्यापुरतं वाटत आलं होतं. तिने दाराची चौकट धरली.

एवढ्यात केस पुसत सासूबाई बाहेर आल्या. माणसाला पाहून थबकल्या आणि पटकन बोलून गेल्या, "अहो, उद्या येणार होतात ना तुम्ही?"

उद्या, म्हणजे सून दुकानात असताना.

माणूस आपला खोल्याखोल्यांतून फिरत राहिला. भिंतीवर यंत्राचा लाल ठिपका पडायचा, तो आकडा लिहून घ्यायचा. न्हाणीघरातली ओल त्याने बोटाने खरवडून पाहिली. स्वयंपाकघरात कपाटाचं दार उघडायच्या आधी मात्र "उघडू का?" असं विचारलं. आपलं घर परक्या माणसाच्या वहीत उतरताना सून पाहत होती.

"किती निघेल?" जाताना तिने विचारलं.

"ते बँक सांगेल," तो म्हणाला. मग चपळाईने बूट घालत हळूच पुटपुटला, "तीन वर्षांपूर्वी मीच आलो होतो, मॅडम. तेव्हाचे दिवस वेगळे होते."

दार लागलं. सुनेने तोंडावरचं फडकं सोडलं.

"आई, मी सही कधी केली?"

सासूबाई खुर्चीच्या कडेवर टेकल्या. तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर म्हणून काढलेली बाई, कधी शब्दाला अडली नव्हती. आज अडली. "घरपट्टीचे कागद म्हणून तुझ्यापुढे ठेवले होते बघ. आणि नंतर एकदा बँकेत नेलं होतं, वारसाचं नाव लावायचंय म्हणून. तू घाईत होतीस."

दिवसभर लोकांना भिंतीवरची बारीक अक्षरं वाचायला लावणारी ती, स्वतः मात्र एक ओळही न वाचता सात ठिकाणी सही करून मोकळी झाली होती. यावर हसावं की डोकं आपटून घ्यावं, तिला कळेना.

हळूहळू सगळं बाहेर आलं. संध्याकाळी सासूबाईंबरोबर फिरायला येणाऱ्या सगळ्याजणी तेव्हा फ्लॅट घेत होत्या. आज घ्या, वर्षभराने दीडपट. भाड्यात हप्ता सुटतो, आपल्या खिशाला तोशीस नाही. सासूबाईंनी राहतं घर तारण ठेवलं आणि पन्नास लाख उचलले. एक तयार फ्लॅट घेतला, दुसरा बांधकाम चालू असलेल्या इमारतीत, अकराव्या मजल्यावर. मग बाजार जो बसला तो बसलाच. भाडेकरू पाच महिन्यांपूर्वी सोडून गेला, नवा मिळेना. तीन हप्ते थकले.

"आणि अकराव्या मजल्यावरचा?"

"बिल्डरच्या ऑफिसात रोज फोन करते. नुसती रिंग वाजते."

"फोन बंद असेल."

"बंद नाही. कुणी उचलत नाही. मी आयुष्यभर फोन जोडलेत, दोन्हींतला फरक मला कळतो."

नवरा संध्याकाळी कामावरून आला. तो लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत मेकॅनिक होता. इमारतीचं नाव ऐकलं आणि हातातला डबा तसाच धरून जमिनीवर बसला.

"आई, अकरावा मजला कुठला? ती इमारत नवव्यालाच थांबलीय. तिथल्या लिफ्टचं काम आमच्याकडे यायचं होतं, दीड वर्षापूर्वी रद्द झालं." त्याने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. "म्हणजे आपण हवा विकत घेतली?"

सासूबाई आईच्या नेहमीच्या हुकमी आवाजात "आधी हातपाय धू" म्हणाल्या, पण आवाज मध्येच फाटला.

दहा दिवसांनी बँकेतल्या बाईंनी आकडा सांगितला. साठ लाखांचं घर आता छत्तीस लाखांचं. बाई वाईट नव्हत्या. सुनेने सह्यांची हकिकत सांगितली तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही तक्रार करू शकता. पण तक्रार तुमच्या सासूबाईंवर होईल." सुनेने मान हलवली, हो की नाही ते तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. तक्रार तिने केली नाही, पण त्यासाठी तिला कुणी शाबासकी द्यावी असंही तिला वाटलं नाही. घरी ती सासूबाईंशी कामापुरतंच बोलू लागली. "गॅस संपलाय." "गोळी घेतलीत?" बस, एवढंच.

ठरलं असं की तयार फ्लॅट विकून पैसे बँकेत भरायचे, उरलेल्या कर्जाच्या हप्त्यांची मुदत वाढवून घ्यायची आणि अकराव्या मजल्यासाठी बिल्डरवर इतर खरेदीदारांनी लावलेल्या दाव्यात आपणही रांगेत उभं राहायचं.

चौतीस लाखांच्या फ्लॅटला बावीस आले. घेणारं जोडपं तिशीतलं. दोघांचाही आपल्या नशिबावर विश्वास बसत नव्हता. किल्ल्या द्यायला सासू-सून गेल्या तेव्हा ती मुलगी खिडकीला हात लावून नवऱ्याला म्हणत होती, "अरे, खरंच झालं आपलं? गेल्या साली तर आपण दारातूनच परत आलो असतो!" मग तिला भान आलं, तिने जीभ चावली. "सॉरी हं, काकू."

"सॉरी कशाला," सासूबाई म्हणाल्या. "सुखाने राहा. कागद मात्र दोघांच्या नावावर केलेत ना?"

"हो."

"नीट वाचून?"

मुलीने हसून मान डोलावली. सुनेच्या मस्तकात तिडीक गेली. खाली रस्त्यावर आल्यावर इतक्या आठवड्यांचं साचलेलं एकदम फुटलं. "तिला विचारता! मला का नाही विचारलंत? तुमचं घर, तुमचा पैसा, काय हवं ते करायचं होतंत. मला कशाला ओढलंत त्यात?"

सासूबाई बंद दुकानाच्या पायरीवर बसल्या. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळू लागल्या.

"अकराव्या मजल्यावरचा तुझ्या एकटीच्या नावावर केलाय," त्या म्हणाल्या. "बँकेला म्हणून तुझी सही लागली. विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते!"

"माझ्या नवऱ्याने मला दोनदा घराबाहेर काढलं होतं. कडी लावून घेतली आतून. दुसऱ्या वेळी तुझा नवरा सात महिन्यांचा होता. जिन्यात बसले होते त्याला घेऊन. शेजारपाजारचे चढत-उतरत होते, मी सांगत होते, किल्ली हरवलीय." त्यांनी वर पाहिलं. "माझा मुलगा तसा नाही, मला माहितेय. पण त्याचा बापही आधी तसा नव्हता."

सून उभीच राहिली. ज्या सासऱ्यांच्या तसबिरीला ती आठ वर्षं हार घालत आली, ज्यांची शांत माणूस म्हणून ओळख तिने येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितली, ते तिच्या डोळ्यांपुढून जाईनात. राग होताच, तो कुठे गेला नव्हता. पण आता तो धरायचा कुठून, तेच कळेना.

"त्याला माहीत आहे?" तिने शेवटी विचारलं.

"नाही. आणि तूही सांगू नकोस."

"आता मला न विचारता हेही माझ्या नावावर केलंत तुम्ही," सून म्हणाली.

सासूबाईंनी पिशवी उचलली. पण त्यांना पायरीवरून उठवेना, गुडघे धरले होते. सुनेने काखेत हात घालून त्यांना उभं केलं, आणि बस येईपर्यंत तो हात तसाच राहू दिला.