आठ अक्षरांची अट

मित्रांनो, मी एक जुना राउटर आहे. चपटा पांढरा डबा, त्याला एक शिंग आणि पोटावर चार हिरवे दिवे. टेलिफोनच्या तारेतून आलेले इंटरनेट हवेत सोडणे, हे माझे काम.

२००९ साली मी नवीन जालन्यात जयवंताबाईंच्या घरी आलो. त्यांच्या मुलीने, इंद्रायणीने, मला कॉम्प्युटरला वायरने जोडले, फोनची तार पाठीत खुपसली आणि दिवे लागले. जयवंताबाईंनी मला हळदकुंकू वाहिले. थोडे कुंकू फटीतून आत गेले. ते अजून आतच आहे.

कोणी फुकट नेट वापरू नये म्हणून इंद्रायणीने पासवर्ड ठेवला. पण दारी आलेल्याला नाही म्हणायची त्या घरात रीत नव्हती. शेजारचे तातेराव काखेत लॅपटॉप मारून आले, की जयवंताबाई चहाबरोबर पासवर्डही देत. इंद्रायणीने तो बदलला, की त्या नवा देत. अख्खी गल्ली माझ्यावर पोसली. मी दमायचो, पण सुखात होतो.

मग बंगळुरात इंद्रायणीच्या भावाला, राधाकिसनला, मुलगी झाली. नाव ठेवायचा मान आत्याचा. आणि आत्याचा पाय प्लास्टरमध्ये. तेव्हा आत्याने कॉम्प्युटरवरूनच बाळाच्या कानात नाव सांगायचे ठरले. तालीम घेतली, तर गल्लीच्या गर्दीत राधाकिसनचा चेहरा पडद्यावर आ वासून गोठला. शेवटी त्याने फोन केला.

"इंदू, त्या दिवशी असं झालं तर मावशी ठेवील नाव. ती इथंच हाये."

"मावशी? मंग मी काय मेले का?"

इंद्रायणीने माझी सेटिंग उघडली. आई फोडणार नाही असा पासवर्ड जगात एकच होता : बाळाचे नाव. बारशाआधी ते सांगायचे नसते.

तिने 'गौरी' टाकले. मी नाकारले. इंग्रजी आठ अक्षरांखाली मी काही घेत नाही. 'अनुजा' नाकारले. 'वैदेही' एका अक्षराने हुकली. शेवटी 'शाल्मली' आले. बरोबर आठ. मी घेतले.

"असलं कसलं नाव बाई?" जयवंताबाई म्हणाल्या.

"सावरीचं झाड. डब्याला पटलंय, आता तू बोलू नको."

दुसऱ्या दिवशी तातेराव आले. "काकू, नवा पासवर्ड?"

"बाळाचं नाव हाये. बारशापर्यंत न्हाई सांगता येत."

"बिलकुल बराबर," म्हणून ते चहा पिऊन गेले.

बारशाच्या दिवशी तार सगळी मोकळी. बंगळुरात बाळाच्या कानाशी स्पीकर धरला. "कुर्र्र... शाल्मली!" इकडे बायांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले, तिकडे मावशीने कसनुसे हसून टाळ्या वाजवल्या.

कोपऱ्यात तातेरावांनी लॅपटॉप उघडला. "काकू, आता चालतंय ना?"

"आता काय! नाव फुटलं, घ्या."

गल्लीभर बातमी गेली आणि पडद्यावर बाळ जांभई देता देता गोठले. इंद्रायणी त्याच्याकडे बघत बसली. "ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली, "अशी शांत परत कधी सापडायची?"

मित्रांनो, आता मी कपाटावर असतो. तुमच्या घरच्या राउटरला कोरड्या फडक्याने पुसा, पासवर्ड लांब ठेवा आणि आईला सांगू नका. शाल्मली आता शाळेत जाते. मैत्रिणी तिला 'शालू' म्हणतात. ती पाचच अक्षरे होतात. कुठे भेटली, तर तिला पूर्ण नावाने हाक मारा, एवढीच विनंती.