दोन चेहऱ्यांच्या मधली जागा

मित्रांनो, आत्ता तुम्ही माठातलं पाणी प्यायलात आणि रिकामा पेला ठणकन माझ्या डोक्यावर आपटलात. आपटा बापडे! पण मला झाकण म्हणू नका. मी सागवानी चकती आहे, ताटाएवढी गोल. कडेने माणसांचे चेहरे रंगवलेत आणि मधोमध पितळी काटा आहे. रंग उडालाय, ओलाव्याने पोटाला बुरशी धरलीय, पण एके काळी मी शिकवायचं काम करत होते. काय शिकवत होते आणि त्यातून काय भलतंच झालं, ते ऐका. त्यात हसण्यासारखं थोडं आहे, बाकी नाही.

माझा जन्म ग्वाल्हेरला किला गेटजवळ शिवाजीराव सुतारांच्या दुकानात झाला. दौलतगंजातली श्रुती, मानसशास्त्र शिकलेली मुलगी, एका संस्थेत नोकरीला होती. ती दुकानात येऊन म्हणाली, "काका, काटा फिरला पाहिजे, पण आपल्या आपण घसरायला नको."

"जुगाराचं चक्र आहे की काय गं?" शिवाजीरावांनी विचारलं.

"अहो काका, काहीतरीच काय! मुलांना मनातलं सांगता यावं म्हणून हवंय."

"मग ठीक. नाहीतर तुझे बाबा माझ्या दुकानावर चाल करून येतील."

ही मुलं कोणती, ते सांगते. सिंधमधून, म्हणजे पाकिस्तानातून, घरदार सोडून आलेली काही हिंदू कुटुंबं इथे भाड्याच्या खोल्यांतून राहत होती. त्यांच्या पोरांना झोप लागायची नाही. दारावर थाप पडली की ती दचकायची. एखादं शाळेत गेलं तरी भिंतीकडे तोंड करून बसायचं. अशा मुलांना आपलं मन ओळखायला आणि सांभाळायला शिकवायचं, हे श्रुतीचं काम होतं.

त्यासाठी परदेशातून एक पुस्तक आलं होतं. त्यातले चेहरे पिवळ्या केसांचे, कुणाच्या गळ्यात मफलर, कुणाच्या डोक्यावर लोकरीची टोपी. श्रुतीने कपाळावर हात मारला. "आमच्या ग्वाल्हेरच्या उन्हात मफलर?" मग तिने माझ्यावर नवे चेहरे रंगवून घेतले. ओढणीवाली मुलगी, तेल लावून भांग पाडलेला मुलगा. खाली हिंदीत नावं लिहिली: खुश, उदास, गुस्सा, डर आणि चैन, म्हणजे शांत मन. पुस्तकात लिहिलं होतं की श्वास शिकवताना मेणबत्तीवर फुंकर मारायला सांगा. श्रुती म्हणाली, "छे, छे! ही पोरं दिव्याला हात जोडतात, फुंकून विझवतील होय?" तिने बशीत गरम चहा ओतला आणि हळूहळू फुंकायला लावलं. पोरं खूश झाली. चहा निवला, श्वासही शांत झाला, आणि वर चहा प्यायला मिळाला!

संस्थेचे प्रमुख गुरुप्रसाद सर तर आल्यागेल्याला चहाची गोष्ट सांगायचे. "बघा, आमच्या श्रुतीने परक्या मुलखातलं शिकवणं कसं इथलं करून टाकलं!" पाहुणे माना डोलवायचे. मग मला हातात धरून फोटो काढायचे. मलाही बरं वाटायचं हो, खोटं कशाला बोलू? आणि उपयोगही होत होता. रोज काटा 'गुस्सा'वर आदळणारं एक पोर हळूहळू 'चैन'कडे सरकलं. एक लहानगी 'डर'वर बोट ठेवून रडायची. पुढे तीच इतरांना फुंकर मारायला शिकवू लागली.

मग जेठी आली. पंधरा-सोळा वर्षांची, उंच, अबोल. चाचा-चाचीबरोबर इकडे आली होती. आईचे कागद झाले नाहीत, म्हणून आई तिकडेच राहिली होती. आज होतील, उद्या होतील, असं चाललं होतं.

जेठीची पाळी आली की ती काटा फिरवायची आणि 'उदास' आणि 'खुश' यांच्या मधल्या कोऱ्या जागेत थांबवायची. रोज तिथेच. श्रुतीला वाटलं, माझा स्क्रू सैल झाला. तिने पेचकस आणून तो करकचून आवळला आणि काटा ढकलून 'उदास'वर नेला. "ऐसे बेटा. ये वाला, है ना?" दुसऱ्या दिवशी जेठीने दोन्ही हातांनी जोर लावला आणि काटा पुन्हा मधे आणला. मला तिचं बोट कळत होतं. ते थरथरत नव्हतं. पोरीला नेमकं माहीत होतं तिला कुठे थांबायचंय. तिथे चेहराच रंगवलेला नव्हता, त्याला ती काय करणार?

एके दिवशी वर्ग चालू असताना श्रुतीला तिच्या आईचा, वनमालाबाईंचा, फोन आला. श्रुती मराठीत म्हणाली, "हो गं आई, वर्गातच आहे. डबा खाल्ला आहे. ठेव आता."

जेठीने झटकन मान वर केली. "दीदी, आप भी 'आहे' बोलते हो?"

"हो, मतलब हां. मराठी में बोलते हैं."

"हम भी बोलते हैं! सिंधी में भी 'आहे'!" जेठी हसली. मित्रांनो, ती तशी हसते हे तोवर कुणालाच माहीत नव्हतं. त्या दिवशी दोघी वर्ग संपल्यावरही 'पाणी आहे', 'घर आहे' करत बसल्या. श्रुतीचे डोळे भरून आले. तिला वाटलं, पूल बांधला गेला.

कप्पाळ माझं! त्याच पुलावर घात झाला.

पुढच्याच आठवड्यात जेठी वर्गात सर्वांत आधी आली. काटा मधे आणला, त्यावर हात ठेवला आणि पहिल्यांदा मनातलं बोलली. "दीदी, सिक आहे. डाढी सिक आहे."

सिंधीत सिक म्हणजे आपल्या माणसाची ओढ. आठवणीने जीव तुटतो आणि तीच आठवण गोडही लागते, म्हणून ती ना पुरती उदास, ना पुरती खुश. डाढी म्हणजे फार. पोर म्हणत होती, मला फार ओढ लागलीय. पण मराठी माणसाच्या कानाला काय ऐकू येणार? आपली पोरं दिवसातून दहादा म्हणतात, "आज मी सिक आहे, ऑफिसला येत नाही." श्रुतीला वाटलं, जेठी तिच्यासाठी मराठी बोलतेय!

"अगंबाई! सिक आहे? आणि काय म्हणालीस, दाढ? दाढ दुखतेय? मुंह खोल तो ज़रा."

बाकीची पोरं तोवर आली होती. ती खिदळली. पोरीने मन उघडलं आणि तिला तोंड उघडायला सांगितलं. जेठीने उघडलं. ती आज्ञाधारक होती, हेच तिचं दुर्दैव.

दाढ ठीक होती, ताप नव्हता. श्रुती तिला प्रेमाने खालच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी ताकदीच्या लाल गोळ्या दिल्या. तिने चाचाला बोलावून समजावलं, जेठीला जवळ घेतलं आणि म्हणाली, "जब तक सिक ठीक नहीं होता, गोली लेना, घर पे आराम करना. और फ़ोन बिल्कुल कम. फ़ोन से ही ये सब बढ़ता है." हे ती सगळ्याच मुलांना सांगायची. मोबाईलवर डोळे फोडू नका, एवढाच त्याचा अर्थ होता. मी भिंतीवरून बघत होते. लाकडाला जीभ नसते. असती तर मी त्या दिवशी ओरडले असते.

जेठी कितीतरी दिवस आली नाही. आली ती वर्गाच्या शेवटच्या दिवशी. मोठे पाहुणे आले होते, गुरुप्रसाद सरांचं भाषण झालं. श्रुतीने तिला पुढे बोलावलं. "अब सिक कैसा है?"

"कम है दीदी," जेठी म्हणाली. तिने काटा धरला, मधली जागा ओलांडली आणि तो 'खुश'वर नेऊन ठेवला. टाळ्या पडल्या. श्रुतीने तिला मिठी मारली. फोटो निघाला. त्या फोटोत मी आहे, नवीकोरी दिसतेय. जेठीचं बोट त्या वेळी बर्फासारखं गार होतं.

प्रकल्प संपला, पैसे दुसऱ्या कामाकडे गेले. मला कुणीतरी माठावर ठेवलं आणि विसरलं. श्रुती संस्थेतच दुसऱ्या टेबलावर बसू लागली.

एका दुपारी जेठीची चाची आली. दारातच उभी राहून म्हणाली, "दीदी, वो लाल गोली और मिलेगी? जेठी की मां गुज़र गई. लड़की को बिना गोली के डर लगता है."

श्रुती उठून उभी राहिली. "मां? कब? और गोली किस बात की?"

"सिक की, दीदी. आप ही ने तो दी थी."

"सिक मतलब बीमार ना?"

"बीमार काहे को? सिक मतलब... मां के लिए जी तड़पना. हमने सोचा, शहर में पढ़े-लिखे लोग हैं, इसकी भी दवा होती होगी."

मग चाचीने सगळं सांगितलं. आईचा तिकडून फोन यायचा. जेठी कानावर हात ठेवून दुसऱ्या खोलीत जायची. म्हणायची, दीदीने सांगितलंय, फोनने सिक वाढते, मला बरं व्हायचंय. बरी झाले की बोलेन. तिकडे आई विचारायची, माझी पोर मला विसरली का? तिला तिथे सगळं मिळालं म्हणून मी नको झाले का? आणि एक दिवस तिकडून फोन आला, तो आईचा नव्हता.

"मी काय करून बसले गं बाई," श्रुती एवढंच मराठीत म्हणाली. मग तिने मला माठावरून उचललं, पदराने पुसलं आणि चाचीबरोबर निघाली.

दाल बाजारातल्या व्यापाऱ्यांकडून मजुरीसाठी घरी आणलेली तूरडाळ निवडत जेठी जमिनीवर बसली होती. श्रुतीने मला तिच्या मांडीवर ठेवलं. काटा स्वतः त्या मधल्या जागेत आणला. "जेठी, तू इसी जगह रखती थी. मैं समझी नहीं. ये बीमारी नहीं है बेटा, ये होना चाहिए. मुझे माफ़ कर दे. रो ले."

जेठीने एका बोटाने काटा हळूच उचलल्यासारखा केला आणि 'खुश'वर ठेवला.

"ठीक हो गई, दीदी. अब सिक नाहे."

'नाहे' म्हणजे नाही. ते श्रुतीला न विचारताच कळलं. जेठीने मला मांडीवरून बाजूला सरकवलं आणि डाळीतले खडे वेचू लागली. श्रुतीने मला परत आणून माठावर ठेवलं, पण ती तिकडे पुढेही जात राहिली. येऊन सांगते, जेठी चहा देते, नीट बोलते, हसतेही. आईचं नाव मात्र काढत नाही, आणि तिला रडताना अजून कुणी पाहिलेलं नाही.

मित्रांनो, श्रुती वाईट नव्हती, हे लक्षात ठेवा. तिच्याइतक्या मायेने वागणारी माणसं मी थोडी पाहिली. म्हणूनच तुम्हाला हात जोडून सांगते. एखादं परमुलखातलं पोर तुमच्यापाशी धीर करून एखादा शब्द उच्चारेल, आणि तो शब्द तुम्हाला अगदी ओळखीचा वाटेल. नेमकं तेव्हाच थांबा. उत्तर देऊ नका, औषध देऊ नका. आधी विचारा, "म्हणजे काय गं?" श्रुतीने एवढं विचारलं असतं, तर जेठी सांगणार होती. तेव्हा तिची आई जिवंत होती, आणि फोन हातात धरून बसली होती.