पेपरी कुठल्या बाजूला जाते

शनिवारी दुपारी ठमाबाईचा मुलगा ऋतिक मोटारसायकलवरून आला, तेव्हा टाकीवर, त्याच्या दोन हातांच्या मधे, एक कुत्री बसली होती. काळी-पांढरी, लांब केसांची, कानांची टोकं दुमडलेली. ठमाबाई म्हशींना वैरण टाकत होती. हातातली पेंढी तशीच धरून ती बाहेर आली.

"कुणाची हाय ही?"

"आता आपली," ऋतिक म्हणाला.

तो बारामती एमआयडीसीत दूध प्रक्रियेच्या कारखान्यात कामाला होता. तिथल्या वृषाली मॅडमनी पुण्याहून हे पिल्लू विकत आणलं होतं. दीड वर्ष फ्लॅटमधे सांभाळलं. पण ते दिवसभर दार खरवडायचं, आल्यागेल्याच्या टाचा धरायचं. शेवटी मॅडमनी कॅन्टीनमधे विचारलं, कुणाचं शेत आहे का, हिला पळायला जागा पाहिजे. ऋतिकच्या तोंडून हो निघून गेलं.

"नाव काय हिचं?"

"पेपर. इंग्रजीत मिरीला म्हणत्यात."

"आन् मी शिवारात पेपर म्हणून हाका मारू? लोकं म्हणतील रद्दी घ्यायला आली." ठमाबाईनं कुत्रीपुढे हात धरला. कुत्रीनं तो हुंगला नाही. ती ठमाबाईच्या डोळ्यांकडे बघत राहिली. "पेपरी म्हनू," ठमाबाई म्हणाली.

सुप्याच्या अलीकडे माळाला लागून त्यांची चार एकर जिरायत होती. ठमाबाईचं आयुष्य त्याआधी मेंढरांमागे गेलं होतं. लग्नानंतर तीस वर्षं ती नवऱ्याबरोबर दरसाल कोकणात उतरायची आणि पावसाच्या तोंडावर परत यायची. सहा वर्षांपूर्वी नवरा गेला आणि कळप विकला. आता दोन म्हशी होत्या, बाजरी होती आणि अकरा कोंबड्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या अकरा कोंबड्या दिसेनात. ठमाबाई शोधत पाण्याच्या टाकीमागे गेली. सगळ्या तिथं कोपऱ्यात गोळा होऊन उभ्या होत्या. समोर पेपरी जमिनीला चिकटून, मान खाली घालून बघत होती. एकीचंही पीस उपटलेलं नव्हतं. ठमाबाईनं तिला हाकललं. तासाभरात कोंबड्या पुन्हा कोपऱ्यात.

तिसऱ्या वेळी ठमाबाईनं हाकललं नाही. ती दगडावर बसली आणि बघू लागली. एक कोंबडी पाऊलभर सरकली की पेपरीचा खांदा तेवढाच सरकायचा. कोंबडी मागं फिरायची. भुंकणं नाही, चावणं नाही. नुसती नजर.

संध्याकाळी शेजारची साखरबाई आली. "ठमे, तुझ्या कुत्रीनं माझ्या नातवाला ओट्यावरनं खालीच उतरू दिलं न्हाय. चावली न्हाय, पर पोरगं तासभर अडकून पडलं."

ठमाबाईनं ऋतिकला वृषाली मॅडमना फोन लावायला सांगितला.

"तुमी हिला शिकिवलं का हे, हाकायचं?"

"नाही हो मावशी," वृषाली म्हणाली. "कुणीच नाही शिकवलं. आमच्याकडे चपलासुद्धा गोळा करायची. मुलीच्या मैत्रिणी आल्या की सगळ्यांना सोफ्याच्या कोपऱ्यात कोंडायची. ही जातच तशी असते. बाहेरच्या देशात यांना मेंढ्यांच्या कामाला ठेवतात."

"मेंढरांच्या?" ठमाबाईनं पेपरीकडे बघितलं. "हिनं मेंढरू बघितलंय कधी?"

"फ्लॅटमधे कुठून बघणार?"

ठमाबाईला त्या रात्री लवकर झोप लागली नाही. त्यांच्या वाड्यावर, म्हणजे मेंढक्यांच्या तळावर, नेहमीच कुत्री असायची. पण ती राखणीची. लांडगा आला की अंगावर जायची. मेंढरं हाकायची ती माणसांनी, तोंडानं आणि काठीनं. कुत्र्यानं मेंढरू हाकायचं म्हणजे नेमकं कसं, हे तिला कळेना. आणि न बघता कळणारही नव्हतं.

तिच्या भावाचा मुलगा बिरू, याचा वाडा पावसाळाभर मैलभर अंतरावर पडीक रानात असायचा. कळप विकल्यापासून ती तिकडे फारशी जात नसे. गेलं की हात मोकळे मोकळे वाटायचे. या वेळी ती पेपरीला दोरी बांधून गेली.

बिरूनं कुत्री बघितली आणि मान हलवली. "आत्ती, निम्मी मेंढरं गाभण हायत. पळाली तर कोकरं टाकतील."

"गाभण नगं देऊस. धा-बारा तरणी काढ बाजूला."

आत्याला नाही म्हणणं त्याला जमलं नाही. त्यानं बारा मेंढरं वेगळी काढली आणि आपली कुत्री बांधून घातली. ठमाबाईनं दोरी सोडली. पेपरी बाणासारखी सुटली आणि सरळ मेंढरांच्या मधोमध घुसली. मेंढरं बारा वाटांनी उधळली. तीन जणी शेजारच्या कांद्यात शिरल्या. बिरू शिव्या देत त्यांच्यामागे धावला. ठमाबाईनं मोठ्या मुश्किलीनं पेपरीला धरलं. कुत्रीचं सगळं अंग थरथरत होतं.

"झालं तुझं बघून?" बिरूनं विचारलं.

"अजून कुठं," ठमाबाई म्हणाली. "उद्या येते."

ती रोज सकाळी जाऊ लागली. आधी लांब दोरी. पेपरी मेंढरांच्या मधे घुसायला लागली की दोरी ओढायची आणि पूर्वी आपल्या कळपाला थांबवायला ठमाबाई जी आरोळी देत असे, तीच द्यायची, ओठ थरथरवून. चार दिवसांत त्या आवाजाला पेपरी जागच्या जागी खाली बसू लागली. मग मेंढरांना लांबून वळसा घालायला लागली.

एक गोष्ट मात्र ठमाबाईला उमगत नव्हती. पेपरी कधी डावीकडे पळायची, कधी उजवीकडे, आणि मधेच कुठंतरी थांबून खाली बसायची. ती जागा ती कशी ठरवते?

नवव्या दिवशी ठमाबाईच्या पायात काटा मोडला. तो काढायला बसण्यासाठी ती चालत बांधावरच्या दगडाकडे गेली. सहज वर बघितलं तर पेपरीही सरकली होती. ठमाबाई या बाजूला, तर ती बरोबर त्या बाजूला, आणि मेंढरं दोघींच्या मधे. काटा पायात तसाच ठेवून ठमाबाई उठली. डावीकडे वीस पावलं चालली. पेपरी पलीकडून फिरून पुन्हा समोर आली. ठमाबाई उजवीकडे गेली, पुन्हा तेच. मग ती मागं मागं चालू लागली, आणि बारा मेंढरं एका घोळक्यानं तिच्यामागून चालू लागली.

"बिरू," तिनं हाक मारली, "हिकडं ये. ती मेंढरं पळवत न्हाय. माझ्याकडं आणती."

बिरू आला. त्यानं ठमाबाईला बाजूला व्हायला सांगितलं आणि स्वतः उभा राहिला. पेपरीनं आधी ठमाबाईकडे बघितलं. बिरू वाघरीच्या, म्हणजे जाळीच्या कुंपणाच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला, तेव्हा जरा वेळानं ती उठली, लांबून फिरली आणि मेंढरं जाळीत घातली. घरून आणलेली भाकरी त्यानं मोडली आणि अर्धी पेपरीपुढे टाकली. तिनं तिकडे बघितलंही नाही. तिची नजर मेंढरांवर होती.

दिवाळीनंतर वाडा कोकणाकडे निघायचा होता. आदल्या दिवशी बिरूनं विचारलं, "आत्ती, हिला देतीस का माझ्यासंगं?"

ठमाबाईनं त्यावर विचार केला. घाटातली वाहनं, परक्या रानातली माणसं, आणि समोर आरोळी देणारं दुसरंच कुणीतरी. "यंदा न्हाय," ती म्हणाली. "अजून मलाच पुरती कळली न्हाय ती."

बिरूनं हट्ट धरला नाही. उलट लांबची चाल न झेपणारी सात कोकरं तो तिच्याकडे ठेवून गेला. ठमाबाईनं गोठ्याशेजारी त्यांना जाळी बांधली. पेपरी दिवसभर जाळीसमोर बसायची, आणि कोंबड्या मोकळ्या फिरू लागल्या.

पंधरा दिवसांनी बिरूचा फोन आला. "आत्ती, मी माझ्या कुत्र्याला तसंच करून बघितलं. मेंढराच्या अल्याड हुबा राहिलो, त्याला पल्याड धाडलं."

"मग?"

"माझ्यापाशी यून बसला."

ठमाबाई हसली. "बसू दे त्याला. तितं गवत कसं हाय यंदा?"

"हाय बऱ्यापैकी," बिरू म्हणाला, आणि दोघं मग गवतावर, पाण्यावर आणि कोकरांच्या वजनावर बराच वेळ बोलत राहिले.