राजाचा खुंटा

सकाळपासून आशाबाईंचा पाय घरात ठरत नव्हता. पुढच्या आठवड्यात मुलाचं, शिवशंकरचं, लग्न होऊन साधना सून म्हणून या घरात यायची होती. पण आज त्यांचे डोळे लागले होते मुजफ्फरच्या मोटारसायकलकडे. मुजफ्फरचं डोंगरकडा गावात शोभेच्या माशांचं दुकान, आणि तो नांदेडहून राजासाठी सोबती आणणार होता.

राजा म्हणजे ऑस्कर जातीचा मासा. शिवशंकरनं हौसेनं बोटाएवढा आणला, महिन्याभरात हौस फिटली आणि खाऊ घालायचं आईच्या गळ्यात पडलं. आता तो चांगला वीतभर झाला होता. बैठकीतल्या काचेच्या टाकीत एकटाच, दिवसदिवस काचेला नाक लावून राहायचा. आशाबाईंच्यानं ते बघवत नसे.

गेल्या खेपेला घोळ त्यांनीच घातला होता. दोन नवे मासे पाव्हणे म्हणून ओवाळले आणि मान म्हणून राजा टाकीतल्या ज्या मडक्यात झोपायचा, थेट त्यातच नेऊन सोडले! राजानं त्यांच्या शेपट्यांच्या चिंध्या केल्या. तेव्हापासून तातेरावांनी बायकोला बजावून ठेवलं होतं, "पुन्हा मारामारी झाली तर राजा जाईन मुजफ्फरच्या दुकानात. लग्नाच्या घरात हे नको."

मुजफ्फर आला. पिशवीत चार चपटे, रुपेरी, तळहाताएवढे मासे.

"चाची, हे लई चपळ हायेत. राजाच्या तोंडात मावायचे न्हाईत. पण जागा त्याची हाय, तो भांडनारच."

जागा त्याची! आशाबाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. माहेरी नवा बैल आला की त्यांचे वडील आधी जुन्याचा खुंटा उपटून दुसरीकडे ठोकत. गोठा दोघांनाही नवा, मग शिंगं कोण कोणावर उगारणार?

"अवं, राजाला भाईर काढा!"

"काहून?" तातेराव चक्रावले.

"त्याचा खुंटा हलवायचाय."

राजाला पोटभर चारून टाकीतल्याच पाण्याच्या बादलीत ठेवलं, वर ताट झाकलं. आशाबाईंनी पदर खोचून दगड इकडचे तिकडे केले, मडकं दुसऱ्या कोपऱ्यात सारलं. नव्यांची पिशवी आधी पाण्यावर तरंगत ठेवली, मग त्यांना मोकळं सोडलं. ते जरा रुळल्यावर राजा आत.

राजा उसळून धावला. चौघं फाकले.

"संपलं," तातेराव पुटपुटले. आशाबाईंनी डोळेच मिटले.

"चाची, बघा तरी!"

राजा जुन्या कोपऱ्याशी जाऊन थबकला होता. मडकं कुठंय? तो दगड हुंगत, वळणं घेत, आपल्याच घरात पाव्हण्यासारखा फिरू लागला. रुपेरी चौघं हळूच त्याच्या मागं आले. एकदा त्यानं वळून कल्ले फुगवले, पण धावला नाही. मग पाचही जण एका रांगेत टाकीभर हिंडू लागले.

"राहिला! माहा राजा राहिला!" आशाबाईंनी आनंदानं मुजफ्फरच्या पाठीत असा धपका घातला की तो काचेवर आपटता आपटता वाचला.

दुसऱ्या दिवशी तातेराव चहा करायला स्वयंपाकघरात गेले आणि तिथूनच ओरडले, "अवं, साखरंचा डबा कुठं गेला?" दोघांचं लग्न झाल्यापासून तो डबा एकाच फळीवर होता. आज सगळ्या फळ्या रिकाम्या, आणि भांडीडबे जमिनीवर पसरलेले. मधोमध आशाबाई बसल्या होत्या.

"मलाबी सापडून न्हाई राहिला," त्या हसून म्हणाल्या. "साधना येऊ द्या. कुठं काय ठेवायचं ते आमी दोघी मिळून ठरवू."