चाळीस पावलांवरून

मित्रांनो, मी एक जुनं पेट्रोल इंजिन आहे, आणि मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. नाही बसला तर नाही. खिडकीजवळच्या खुर्चीत जी म्हातारी डोळे मिटून बसली आहे ना, ती ताई. तिला माझं सगळं ठाऊक आहे. ती जागी असली की मला जरा जपून बोलावं लागतं. आज तिचा डोळा लागलेला दिसतो, तेव्हा मोकळेपणानं सांगतो.

मी मोटारीचं इंजिन नव्हे. लिंबाएवढा माझा जीव, तळहातावर मावतो. छोट्या विमानाच्या नाकात बसायचं, समोरचा लाकडी पंखा फिरवायचा आणि विमानाला आभाळात न्यायचं, हे माझं काम. त्या विमानाला तुम्ही खेळणं म्हणाल. मला घडवणाऱ्यासमोर हा शब्द काढला असतात, तर त्यानं तुम्हाला हाताला धरून जिन्यापर्यंत पोचवलं असतं आणि दार लावून घेतलं असतं.

त्याला सगळे भुंगा म्हणत. ताईचा धाकटा भाऊ. आईवडील गेल्यावर दोघंच राहिलेली, त्यामुळे ती त्याची ताईही होती आणि वेळ पडली तर कान उपटणारी आईही. भुंगा पाण्याचे पंप बनवणाऱ्या कारखान्यात लेथवर होता. जेवणाच्या सुट्टीत डबा पाच मिनिटांत संपवायचा आणि उरलेली पंचवीस मिनिटं मला कातत बसायचा. माझा पिस्टन त्यानं इतका नेमका घासला होता, की तेल लावून सिलिंडरमध्ये सोडला तर स्वतःच्या वजनानं खाली उतरायला त्याला अख्खा दिवस लागे. बरं, दिवस नाही. पण चहा निवेपर्यंत तरी लागेच.

मग त्यानं मला एका जाड फळीवर चार बोल्टांनी आवळून बसवलं. पेट्रोलात ऑइल मिसळलं, बाटली हलवली, टाकी भरली. माझ्या तोंडावर बोट दाबून पंखा दोनदा फिरवला, म्हणजे मी घोट ओढून घ्यावा. बॅटरीची तार लावली आणि पंख्याला टिचकी मारल्यासारखा झटका दिला. मी गप्प. दुसरा झटका, गप्पच. त्यानं आणखी पेट्रोल पाजलं, ते ओव्हर झालं, प्लग ओला झाला. प्लग काढ, पूस, फुंकर घाल, पुन्हा बसव. असं दुपारभर चाललं. शेवटी मी उठलो तो उलटा उठलो. पंखा उलट्या दिशेनं फिरला आणि त्याचं बोट चांगलं सोलून निघालं. मी आयुष्यात अकरा बोटांना चावलो आहे आणि ती सगळी भुंग्याची. माणसाला बोटं दहाच असतात म्हणाल, तर एकाला दोनदा चावलो.

मित्रांनो, नवं इंजिन एकदम पळवायचं नसतं. ते आधी रुळवावं लागतं. पेट्रोल जास्त, ऑइलही जास्त, दोन मिनिटं चालवायचं आणि हाताला गार लागेपर्यंत थांबायचं. अशा वेळी इंजिन गुरगुरतं, अडखळतं, काळं ऑइल थुंकतं. ऐकायला चांगलं वाटत नाही, पण तेवढ्यात आतले धातू एकमेकांना ओळखून घेतात. असं तासभर झालं की मग सुई. माझ्या बाजूला एक बारीक सुई आहे. ती आत फिरवली की पेट्रोल कमी होतं, आवाज मोकळा होत जातो, आणि एका जागी तो असा लागतो की अंगावर काटा यावा. त्याच्या पुढे केसभर गेलात तर नुसती किंचाळी, आणि मग इंजिन बंद.

ती जागा भुंग्याला सापडायची नाही. लेथशेजारी उभं राहून त्याचे कान बोथटले होते, आणि जवळून इंजिन फसवतंच. ताई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. नुसत्या खरखरीवरून कुठली तार भिजली आहे ते सांगायची. एकदा ती मैदानावर त्याचा विसरलेला डबा द्यायला आली आणि लांबूनच ओरडली, की अरे, त्याला श्वास घेऊ दे, सुई बाहेर काढ. त्यानं काढली आणि मी लागलो. त्या दिवसापासून रीतच पडली. ताईनं चाळीस पावलं मोजून लांब जायचं, माझ्याकडे पाठ करायची, उजवा हात वर धरायचा. भुंग्यानं तिच्या हातावर नजर ठेवून सुई फिरवायची. आवाज लागला की तिचा हात खाली. पाठ का करायची, असं शेजारच्या शिंपीकाकांनी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, त्याचं तोंड दिसलं की मला दया येते आणि हात लवकर पडतो.

चूक एकदाच झाली. रविवारी स्पर्धा होती, ताईची ड्यूटी होती, आणि मी पुरता रुळलो नव्हतो. भुंग्यानं स्वतःच सुई आत घेतली. मी असा ओरडलो की मैदानावरची कबुतरं अजून परतलेली नाहीत. मग माझा पिस्टन जाम झाला. संध्याकाळी ताई घरी आली तेव्हा तो मला रुमालात गुंडाळून जिन्यावर बसला होता.

"ताई, मी मारलं त्याला."

"हाताला भाजलंय का?"

"हो."

"मग आधी हात धू."

ती एवढंच म्हणाली. पुढे दोन महिने त्यानं नवा पिस्टन घासला आणि मला पहिल्यापासून रुळवलं. ताईशिवाय सुईला हात लावणार नाही, अशी त्यानं शपथ घेतली आणि ती पाळलीही. मग माझी चांगली वर्षं आली. लोक माझा आवाज ऐकायला कुंपणावर चढून बसत. मी एकदा इतका उंच गेलो की एका घारीनं मला रस्ता विचारला. हे खोटं वाटलं तर सोडून द्या. पुढचं मात्र सोडू नका.

भुंग्याला न्यूमोनिया झाला. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले उतार आहे, म्हणून ताई ड्यूटीवर गेली. दुपारी इस्पितळाचा फोन आला तो तिच्याच बोर्डावर. पलीकडची बाई भुंग्याचं नाव घेऊन म्हणाली, यांच्या घरी जोडून द्या, निरोप वाईट आहे. ताईनं सवयीनं "जोडते" म्हटलं, पिन हातात घेतली, आणि मग तिच्या लक्षात आलं की घरी फोन उचलायला कुणी नाही. असलं तर ती स्वतःच.

मी ड्रॉवरमध्ये गेलो. त्याच रुमालात नऊ वर्षं. ऑइल वाळून डिंकासारखं झालं. पण मित्रांनो, इंजिनाला जो रुळवतो त्याचा हात आत राहतो. कारखान्याचा भोंगा पाच वाजता व्हायचा, आणि त्यानंतर दहा मिनिटांनी, म्हणजे भुंगा घरी यायच्या वेळेला, माझ्या सुईवर कुणाची तरी बोटं टेकायची. फिरवायची नाहीत. नुसती टेकायची, वाट पाहत असल्यासारखी. ड्रॉवर बंद असायचा. ताई भिंतीपलीकडे पोळ्या लाटत असायची, आणि त्याच वेळी तिचं लाटणं थांबायचं. ते का थांबायचं, ते तिनं कधी सांगितलं नाही.

एका सकाळी तिनं ड्रॉवर उघडला आणि मला शिंपीकाकांकडे नेलं. म्हणाली, "भुंग्याचा चेहरा आठवतो, खोकला आठवतो. याचा आवाज काही केल्या आठवत नाही. आणि तो तर मीच लावून द्यायचे."

शिंपीकाका म्हणाले, "आवाज काय ताई, माझ्या मशीनचाही येतो." पण तिचं तोंड पाहून त्यांनी मला हातात घेतलं. त्यांनी मला दोन दिवस रॉकेलमध्ये बुडवून ठेवलं, टूथब्रशनं घासलं, नव्या तारा लावल्या. मग दोघं मला फळीसकट मैदानावर घेऊन गेली. वाटेत ताई दोनदा म्हणाली, की लागला नाही तर परत नाही बघायचं, नदीत सोडून द्यायचं. मित्रांनो, त्या दिवशी माझंच नव्हे, तिचंही काहीतरी पणाला लागलं होतं.

आता ऐका. शिंपीकाका फाटकाजवळ सायकलला कुलूप लावायला गेले. ताईनं मला पेट्रोल पाजलं, बोट दाबून दोन घोट ओढवले आणि पंख्याला झटका दिला. नऊ वर्षांचा गंज अंगात, आणि मी पहिल्या झटक्याला उठलो. आधी गुरगुरलो, अडखळलो. ताई उठली, चाळीस पावलं चालली, माझ्याकडे पाठ केली आणि उजवा हात वर धरला. सुईपाशी कुणीही नव्हतं. तरी माझी सुई फिरली. हळूहळू आत, थांबत थांबत, अगदी त्याच्यासारखी. माझा आवाज मोकळा होत गेला, आणखी मोकळा, आणि लागला. ताईचा हात खाली आला. तेव्हाच सुई थांबली. मी टाकी संपेपर्यंत तसाच वाजत राहिलो. शिंपीकाका परत आले तेव्हा ती तशीच पाठ करून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते. काय झालं विचारलं तर म्हणाली, "लागला. चला घरी." मला नदीत कुणी सोडलं नाही. त्या दिवसापासून मी ड्रॉवरमध्ये नाही, इथे फडताळावर, उजेडात असतो.

तर मित्रांनो, यंत्रांना जपा. काम संपलं की पुसून ठेवा, ऑइलचे दोन थेंब सोडा, अडगळीत टाकू नका. कारण तुम्ही आम्हाला नीट जपलंत, तर तुमचं माणूस गेल्यावरही आम्ही त्याचा आवाज तुम्हाला...

"थापाड्या," खुर्चीतून ताई म्हणाली. तिचे डोळे अजून मिटलेलेच होते. "पेट्रोलचा डबा तर सायकलवरच राहिला होता. तोच आणायला शिंपी गेला होता. तुझ्या टाकीत थेंब नव्हता. मी पंख्याला हातसुद्धा लावला नव्हता."

ती पुढे बोलत राहिली.

"आवाज मला मागून ऐकू आला, म्हणून मी चालत गेले आणि हात वर केला. तो लागला, तेव्हा खाली घेतला." मग तिनं डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. "पण तू चालूच झाला नव्हतास."