बाबनरावांची टाकी

तेल विकणारा माणूस बाबनरावांना दुरूनच ओळखू यायचा. पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, हातात संत्रा बर्फीचा डबा आणि तोंडात ‘क्वालिटी’. कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीतल्या पोलाद तापवून ठोकणाऱ्या त्या फोर्जिंग कारखान्यात भट्टी बाबनरावांच्या ताब्यात, म्हणून तिला जळणाचं तेल कुणाचं घ्यायचं हेही तेच ठरवत. चार वर्षांत त्यांनी पाच जणांना हाकललं होतं. बर्फी तेवढी ठेवून घेतली.

तक्रार एकच. टँकर रिकामा झाला की तासाभरात भट्टीची ज्योत फडफडायची, विझायची, आणि लाल झालेलं पोलाद आतच थंड पडायचं. तेलात पाणी! पाणी लागलं की लाल होणारा लेप सळईला लावून टँकरमध्ये सोडला तर तो कोराच निघे. त्यावर बाबनराव म्हणत, ‘‘लेपालेही चकवतेत साले.’’ पहिला हाकलला तो चंद्रभान. आठ वर्षं तेल देणाऱ्या त्या माणसाला त्यांनी साऱ्या कामगारांसमोर चोर म्हटलं. तो रडला, तेव्हा यांना वाटलं, नाटक बरं जमतं याला.

शेवटी मालकांचा धीर संपला. ‘‘हा शेवटचा तेलवाला. पुन्हा भट्टी विझली तर मोडून गॅसची बसवतो. मग तुम्ही खुशाल घरी आराम करा.’’ उमरेडला हातमाग बंद पडल्यावर आपला बाप ओट्यावर बसून कसा वाळत गेला, हे बाबनरावांनी पाहिलं होतं. आराम या शब्दाचीच त्यांना धास्ती होती.

सहावी आली प्रेमिलाबाई. नवरा गेल्यावर त्याचे दोन टँकर तिने सांभाळायला घेतले होते. बर्फी नाही, कार्डही नाही.

‘‘आता बायकाही पाणी विकून राहिल्या,’’ बर्नर सांभाळणाऱ्या देवाजीला ते म्हणाले, तिला ऐकू जाईल अशा बेताने.

तिने ऐकलं आणि सोडून दिलं. ‘‘भाऊ, माह्या टँकरले लेप लावून पाहा. मंग तुमच्या टाकीले मी लावते.’’

‘‘आमच्या टाकीले काहून?’’

‘‘मी पाहिल्याबिगर तेल ओतत नाही.’’

टँकरचा लेप कोरा निघाला. बाबनराव हसले, नेहमीसारखे नाकातून. मग हिची जिरवायची म्हणून स्वतःच तिला टाकीवर घेऊन चढले.

वर टाकीच्या तोंडात तेल मोजायची सळई उभी होती. ती कायम तशीच असे. तेलवाले माप मारतात, म्हणून केव्हाही पाहता यावं यासाठी पाच वर्षांपासून बाबनरावांनी ती बाहेर काढूच दिली नव्हती. झाकण तिला टेकून अर्धवट उघडं राहायचं.

‘‘पावसात पण असंच राहते?’’ तिने विचारलं.

तिने सळई वर ओढली, पुसली, टोकाला लेप लावून थेट तळापर्यंत सोडली. बाहेर काढली तेव्हा चार बोटं लेप लालभडक झाला होता.

एवढ्या वर्षांत त्यांनी सळईचा वरचा काळा डागच पाहिला होता. तेल वर तरंगतं, पाणी तळाशी बसतं. टँकरचं तेल धबाधबा पडलं की तळचं पाणी ढवळून बर्नरकडे निघायचं. हे शाळेतल्या पोरालाही सांगता आलं असतं. खाली उतरताना त्यांना चंद्रभानचं रडणं आठवलं.

प्रेमिलाबाई आपल्या वहीत टाकीतल्या पाण्याची नोंद लिहू लागली.

‘‘लिहू नका, बाई,’’ ते म्हणाले. आजवर कुठल्याही तेलवाल्यापुढे त्यांनी असा आवाज काढला नव्हता. ‘‘मी गपचूप साफ करून घेतो. तुम्ही तेल ओता.’’

‘‘अन् आज ज्योत विझली तर? मालकाले कोणाचं नाव सांगसान?’’

सांगितलं असतं त्यांनी हिचंच. सवयच होती. बाईमाणूस, नवीन, नाव घेणं तर आणखीच सोपं. स्वतःची इतकी किळस त्यांना कधी आली नव्हती.

‘‘तुमचंच,’’ ते म्हणाले आणि वहीवर सही केली.

‘‘टाकी साफ झाली की बोलवा,’’ ती म्हणाली. भरलेला टँकर तसाच फाटकाबाहेर गेला.

बाबनराव भट्टीपाशी आले. आत सकाळपासून तापवलेलं पोलाद लाल झालं होतं.

‘‘बंद कर, देवाजी.’’

‘‘चालू भट्टी? काहून गा?’’

‘‘टाकीत पाणी आहे.’’

देवाजीने कंटाळून हात झटकले. ‘‘आता कोणाचं?’’

‘‘माह्यं,’’ बाबनराव म्हणाले.